सुभेदाराचं गिरमिट

लोकायच्या घरी लग्न जुळवाचं असलं की पत्रिका काढतात. आमच्या घरी गिरमिट काढलं.

हे सुताराचं गिरमिट नाई बरं, माती काढाचं आहे. कमरेएवढी लोखंडी दांडी, खाली पिळाचं पातं, वर आडवी मूठ. फिरवत फिरवत जमिनीत घालाचं अन् उपसाचं, की जमिनीच्या पोटातली माती पात्याले चिकटून वर येते. आमचे हे, बंडूजी, फौजेत इंजिनिअर लोकायच्या पलटणीत होते, सुभेदार होऊन घरी आले. दुसऱ्या बायायचे नवरे फौजेतून ट्रंक आणतात, कंबल आणतात, थर्मास आणतात. माह्या नवऱ्यानं हे आणलं अन् देव्हाऱ्याच्या बाजूले टांगलं.

फौजेत त्यायचं काम काय, तर गाड्यायच्या आधी पुढे जाऊन जमीन पाहाची. इथं ट्रक फसन का, तिथं रणगाडा पेलन का, पाणी किती खाली लागन, खंदक खणला तर ढासळन का. नवी नवरी होती तवा बाया मले विचारत, का वो सुलोचना, तुहा मालक सीमेवर काय करते? मी सांगू, चिखल तुडवते, अजून काय.

रिटायर झाल्यावर तर कहरच झाला. आमच्या वडनेरच्या चौकात चहाच्या टपरीवर यायची शाळा भरू लागली. विषय एकच. लढाई बंदुकीनं नाई जिंकत, मातीनं जिंकते. नेपोलियनची गोष्ट तर टपरीवाल्याले पाठ झाली आहे. वॉटर्लूले रातभर पाणी पडलं, तोफा चिखलात हालेनात, हा जमीन वाळाची वाट पाहत बसला, तवर दुश्मनाची कुमक येऊन पोचली अन् गडी कामातून गेला. ते झालं की पहिल्या महायुद्धातली निळी माती. इंग्रजायनं बेल्जियममधे जर्मन लोकायच्या खंदकाखाली भुयारं खणली, पण खालची माती निघाली निळी. ती उघड्यावर टाकली असती तर विमानातून दिसली असती अन् हे किती खोल खणून राह्यले ते समजलं असतं. म्हणून बापड्यायनं ती पोत्यात भरभरून लपवली. अन् सगळ्यात शेवटी जपानचे फुगे. जपान्यायनं बॉम्ब बांधून फुगे अमेरिकेवर सोडले, वजनाले वाळूच्या थैल्या लावल्या, अन् अमेरिकेतल्या दगडमातीच्या जाणकारायनं ती वाळू पाहून सांगतलं की ही जपानच्या कोणत्या किनाऱ्याची आहे. हे सांगताना सुभेदार चहात बिस्कीट बुडवून धरत, अन् ते दर वेळी गळून कपात पडे. दुनियाभरचा चिखल समजला, पण बिस्कीट किती वेळात फसते ते काही समजलं नाई.

खोटं काऊन सांगू, मलेही त्या गोष्टी आवडत. पण त्या टपरीवर बऱ्या. घरात घुसल्या की डोकं फिरते.

आमाले एकच पोरगी, आचल. शेतीचं कॉलेज शिकली अन् हिंगणघाटले माती-पाणी तपासाच्या एका लॅबमधे लागली. सुभेदारायची छाती फुगली. घराण्याचा धंदा चालू राह्यला म्हणून चौकात पेढे वाटले. पण ती तिथं नेमकं काय करते हे त्यायनं कधी विचारलं नाई. त्यायले वाटे, पोरगी कागदावर शिक्के मारत असन.

तिथंच तिले स्वप्निल भेटला. अल्लीपूरच्या पलीकडे बोरखेडी आहे, तिथल्या आनंदरावचा पोरगा. माती तपासाले घेऊन आलता. एकदा आला, दोनदा आला, मंग त्याची माती काही संपेचना. आचलनं मले मेथी निवडता निवडता सांगतलं. सांगतलं काय, हुकूमच सोडला. आई, करीन तर याच्यासंगच, नाई तर कोणासंगच नाई. पोरगी बापावर गेली आहे, एकदा पाय रोवला की हालत नाई. मी एक दिवस लॅबच्या बाहेर उभ्या उभ्या पोराले पाहून आली. शांत, मान खाली, नखात माती. मले पसंत पडला.

आता सुभेदारायले सांगाचं कसं? पोरीनं आपल्या मनानं पोरगा पाहिला म्हटलं असतं तर दुश्मनानं पाठीमागून हल्ला केला असं झालं असतं. मंग आम्ही मायलेकीनं त्यायचीच विद्या त्यायच्यावर चालवली. नत्थूजी म्हणून यायचे मावसभाऊ आहेत, आजूबाजूच्या गावात सोयरिका जुळवत फिरतात. त्यायले घरी बोलावलं, पुरणपोळी घातली, वरून तूप सोडलं, अन् सांगतलं की हे स्थळ तुम्हीच आणलं असं करा. नत्थूजीनं असं बेमालूम आणलं की सुभेदार मले म्हणे, काय वो, एवढं चांगलं स्थळ या नत्थूले सापडलं कसं? मी पदर तोंडाले लावून सैपाकघरात पळाली.

पाहुणे आले, सगळं कसं जुळलं. पोरगा पसंत, माणसं साधी, मागणं काही नाई. रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, उरकून टाकू असं बोलणं झालं. चहा झाला, सुपारी झाली, माणसं उठाले लागली, अन् आनंदराव दारात चपला घालता घालता बोलून गेले,

"आठ एकर आहे, सुभेदारसाहेब. भारी आहे जमीन."

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. आमच्याकडे भारी जमीन म्हणजे काळी, खोल, ओल धरून ठेवणारी. अन् हलकी म्हणजे बरड, वर खडे, खाली मुरूम. सोयरीक करताना लोक पोराच्या पगाराआधी हे विचारतात. सुभेदारायनं लगेच विचारलं, भारी म्हणजे किती खोल? आनंदराव म्हणाले, भारी म्हणजे एकदम भारी. अन् हसत हसत गाडीत जाऊन बसले.

पाहुणे वळणापलीकडे गेले नाई तर यायनं कपाटातून तालुक्याचा नकाशा काढला. गादीवर पसरला, चष्मा चढवला, गुडघ्यावर बसून बोट फिरवाले लागले. आनंदरावचं शेत बोरखेडीच्या पश्चिमेले, अन् पश्चिमेचं सगळं शिवार टेकाडावर. टेकाडावर भारी माती टिकतच नाई, पाण्यासंग खाली उतरून जाते. त्यायनं नकाशावर बोट ठोकलं.

"माणूस खोटं बोलते, चढ-उतार बोलत नाई. जो जमिनीचं खोटं सांगन, तो माह्या पोरीले काय खरं सांगन? जमीन पाहिल्याशिवाय साक्षगंध नाई."

माह्या अंगाचा भडका उडाला. म्हटलं, पोरगी जमिनीसंग बोहल्यावर उभी राहणार आहे की पोरासंग? जमीन हलकी निघाली तर काय पोराचे गुण कमी होतात? तर म्हणे, सवाल जमिनीचा नाई, खोटेपणाचा आहे. फौज अन् पोरगी, दोन्ही न पाहिलेल्या जमिनीवर पाठवाच्या नसतात. पालथ्या घड्यावर पाणी. आचल उठली, आतमधे गेली अन् घासलेले भांडे पुन्हा घासाले बसली. त्या आवाजावरून मले समजलं की हे मोडलं तर ही पोरगी जन्मभर अशीच भांडे आपटत राहीन. भीतीच वाटली मले.

दुसऱ्या दिवशी मात्र ती शांत. मले म्हणे, आई, जाऊ दे बाबाले. पाहू दे. मी म्हटलं, अवो, जमीन खरंच हलकी असली तर? तर म्हणे, पाहू दे ना. अन् वेणी घालून लॅबमधे निघून गेली. मी म्हटलं, बाप तसा अन् लेक तशी, मधात माही चटणी.

नत्थूजीकडून खबर आली की गुरुवारी आनंदरावकडचे सगळे साक्षगंधाचे कपडे घ्याले हिंगणघाटले जाणार. म्हणजे शेत मोकळं. सुभेदारायच्या डोळ्यात चमक आली, रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच अशी पाहिली. मंग मले समोर बसवून फ्रान्सची गोष्ट सांगतली. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या किनाऱ्यावर फौज उतरवाच्या आधी इंग्रजायनं पोहणारे जवान पाठवले. वाळूखाली रणगाडा फसवणारा चिकण चिखल आहे का ते पाहाचं होतं. वर जर्मन पहारेकरी, अन् हे खाली पोटावर लेटून गिरमिटानं माती काढून राह्यले. म्हणे, सुलोचना, आपल्याले तेच कराचं आहे. मी म्हटलं, तिथं समुद्र होता, इथं कपाशी आहे. तर म्हणे, म्हणूनच तू चाल संग. नवरा-बायको स्कूटीवर दिसले तर कोणाले शंका येत नाई.

अन् मी गेली. काऊन की हा माणूस एकटा गेला असता तर तिथं काय दिवे लावले असते देव जाणे. सोयरीक मोडाचीच असली तर माह्या डोळ्यासमोर मोडू दे म्हटलं.

यायनं वेश बदलला होता. गळ्यात दुपट्टा, अंगात जुना मळका सदरा, पायात माह्या भावाच्या राहून गेलेल्या चपला. गिरमिट पोत्यात गुंडाळलं. वेश सगळा शेतकऱ्याचा, पण शेताच्या धुऱ्यावर पाय पडला नाई तर चाल सुरू झाली लेफ्ट-राइट. पोतं खांद्यावर बंदुकीसारखं धरलेलं. बांधावरचा बगळाही सरकून उभा राह्यला.

शेत पाहून माहा जीव भांड्यात पडला. कपाशी चांगली फुटली होती, अन् खाली माती काळीभोर. मी म्हटलं, पाहा, आहे ना काळी? चला आता घरी. तर म्हणे, वरून काळी आहे. अन् गुडघे टेकून गिरमिट फिरवाले लागले. मी इकडे तिकडे पाहून राह्यली, अन् तेवढ्यात कपाशीच्या ओळीतूनच आवाज आला.

"काय हारवलं, भाऊ?"

एक म्हातारी उभी राह्यली. कमरेले कापसाची ओटी बांधलेली, वेचता वेचता खाली वाकली होती म्हणून आमाले दिसलीच नाई. म्हणे, मी यशोदाबाई, आनंदरावची माय. पोरगी पाहाले ही काही आमच्या घरी आलती नाई, म्हणून तोंडओळखही नव्हती. सुभेदार तसेच गुडघ्यावर. शेवटी म्हणाले, मी माती तपासणीवाला आहो, सरकारी. म्हातारीनं माह्याकडे बोट केलं, अन् ह्या? तर म्हणे, ह्या मॅडम. एवढी वर्सं यायच्या घरी भाकरी थापल्या, पण मॅडम मी त्या दिवशी झाली.

यशोदाबाई खुश झाली. म्हणे, बरं झालं बापा आले. पण एकाच जागची माती काऊन घेता? चारी कोपऱ्याची घ्या. मधातली घ्या. त्या बाभळीपाशी घ्या, तिथं कपाशी वाढत नाई. विहिरीपाशी तर नक्की घ्या. सुभेदारायले नाई म्हणता येईना. ताकाले जाऊन भांडं लपवलं की असंच होते. निघाले गिरमिट घेऊन. उन्हात, चपला अडकत, एक भोक झालं की म्हातारी लांबून हात करून दुसरी जागा दाखवे. मले मात्र तिनं निंबाच्या सावलीत बसवलं अन् गडव्यातून ताक दिलं.

थोड्या वेळानं सुभेदार पाणी प्याच्या निमित्तानं माह्यापाशी आले. म्हातारीची पाठ होती. पोत्याचं तोंड उघडून मले आतमधे दाखवलं. दर भोकात वर फुटभर काळी माती, अन् खाली सगळा लाल-पिवळा मुरूम. कानात म्हणाले, कॅमोफ्लाज. हलक्या जमिनीवर काळी आणून पसरली, आपल्याले दाखवासाठी. रविवारचं रद्द समज. अन् पुन्हा विहिरीकडे निघून गेले. मले आचलचा चेहरा दिसे अन् ते भांड्याचे आवाज ऐकू येत.

यशोदाबाई बाजूले येऊन बसली. आपल्या मनानंच बोलाले लागली. मॅडम, ही वरची काळी दिसते ना, ही आमची नाई. तलावाची आहे. तलाव आटला की आमचा स्वप्निल गाळ काढून आणते अन् शेतात टाकते. दोन उन्हाळे झाले, पोराचं तोंड काळं पडलं. मी विचारलं, हे कोणी सांगतलं त्याले? तर म्हणे, आमची होणारी सून आहे, हिंगणघाटच्या मातीच्या दवाखान्यात. तिनंच तपासलं अन् तिनंच सांगतलं की तुमची जमीन हलकी आहे, तलावाचा गाळ टाका. अजून हळद लागाची आहे अन् आतापासून पोराले राबवून राह्यली. लय खमकी आहे.

मले ठसका लागला. ताक नाकातून आलं. म्हातारीनं पाठीवर थापट्या मारल्या.

म्हणजे सुभेदार ज्याले दुश्मनाचं कॅमोफ्लाज म्हणून राह्यले, त्याचं डोकं आमच्याच घरात, आमच्याच मेथीच्या जुडीसमोर बसलेलं. अन् मले, तिच्या सख्ख्या मायले, पत्ता नाई. जरा दम खाऊन मी हळूच विचारलं, पण आनंदराव तर लोकायले जमीन भारी आहे म्हणून सांगतात म्हणे? म्हातारीनं कपाळावर हात मारला. म्हणे, त्याचं काय घेऊन बसली माय. मोबाइल आला तवापासून त्याले हा एकच शब्द येते. चहा भारी, बैल भारी, टीव्हीवरची बाई भारी. परवा पाहुणचार घेऊन आला तर म्हणे सुभेदार भारी माणूस आहे. आता त्याचा काय अर्थ घेता, सांगा.

एका शब्दासाठी माह्या पोरीचं साक्षगंध टांगलं होतं. मले हसूही येऊन राह्यलं अन् दोघाही व्याह्यायची डोकी एकमेकावर आपटावी असंही वाटून राह्यलं.

निघाच्या वेळी यशोदाबाईनं तुरीच्या शेंगा आणून माह्या पदरात टाकल्या. सुभेदार पुढे स्कूटीपाशी गिरमिट बांधून राह्यले होते. म्हातारी माह्या कानाशी आली.

"सुलोचनाबाई, पोरीले सांगजा, एकही कोपरा सोडला नाई म्हणा. तिचाच फोन आलता. म्हणे आजी, माहे बाबा गिरमिट घेऊन येतीन. त्यायले अडवू नोका, चांगलं सगळीकडे खोदू द्या. एखादी जागा राह्यली तर रविवारी नेमकी तीच आठवन त्यायले."

धरणी फाटून पोटात घेईन तर बरं असं झालं मले. मॅडम म्हणून ऐटीत ताक पिऊन राह्यली होती ना मी. म्हातारी बोळक्या तोंडानं हसली अन् म्हणाली, सुभेदारायले सध्या नोको सांगू, लय मेहनत केली आहे त्यायनं. स्कूटीवर मागं बसून मी तोंडात पदर कोंबला. अंग गदगदा हालून राह्यलं. हे पुढून म्हणे, रडू नोको सुलोचना, वेळेवर उघडकीस आलं हे काय कमी आहे?

घरी आल्यावर यायनं आंघोळ केली, इस्तरीचा शर्ट घातला अन् छपरीत पेपर अंथरून सगळे नमुने ओळीनं मांडले. वर काळी, खाली मुरूम, वर काळी, खाली मुरूम. दगडासारखे ताठ बसले. मी विचार केला, सांगून टाकावं काय? पण म्हटलं, नाई. हे पोरीनं मांडलं आहे, पोरीनंच उचलावं. संध्याकाळी आचल घरी आली, खांद्यावरची पर्स उतरवाच्या आत कोर्ट मार्शल सुरू झालं. नकाशा झाला, टेकाड झालं, कॅमोफ्लाज झालं, निळ्या मातीपर्यंत गाडी जाऊन आली. शेवटी म्हणे, ही फसवणूक आहे, मी आत्ताच नत्थूले फोन करून नाई कळवतो. अन् खरंच फोन लावला.

आचल खाली बसली. एक ढेकूळ उचललं, बोटानं फोडलं, नाकाशी नेलं.

"बरोबर आहे बाबा. फुटभरच आहे. काही जागी त्याहून कमी."

"तुले कसं माहीत?"

"रिपोर्ट मीच केला. सही माही आहे."

फोनमधून नत्थूजीचं हॅलो हॅलो ऐकू येऊन राह्यलं होतं. मी तो यायच्या हातातून घेतला अन् बंद केला. मंग आचलनं सगळं सांगतलं. पोरगा लॅबमधे कसा आला, माती कोणाची, गाळ कोणी सांगतला, सगळं. आवाज चढवला नाई, डोळे खाली केले नाई. म्हणाली, बाबा, आमच्या लॅबमधे जो येते तो म्हणते माही जमीन भारी आहे, फक्त खत कोणतं टाकू ते सांगा. हा पहिला माणूस पाहिला, आल्या आल्या म्हणाला की माही जमीन हलकी आहे, काय करू? मी त्याच दिवशी ठरवलं.

सुभेदारायनं माह्याकडे पाहिलं. म्हणे, तुले माहीत होतं का? म्हटलं, पोराचं माहीत होतं, मातीचं आजच समजलं. अन् नत्थू? म्हटलं, त्याले पुरणपोळी घातली. अन् ती म्हातारी? म्हटलं, तिले तर आधीच माहीत होतं. मले वाटलं आता घर डोक्यावर घेतीन. मी तयारीत बसली होती, एकाचे दोन ऐकवाच्या. पण ते काही चिडले नाई. एकदम नरम आवाजात म्हणाले की फुटभरानं काही होत नाई. दोन फूट पाहिजे. तवर थांबू.

आचल म्हणाली, दोन फूट व्हाले अजून उन्हाळे लागतीन, तिथं जाऊनच टाकीन. हे म्हणे, चढावर आहे, पाऊस आला की वाहून जाईन. म्हणाली, बांध घातले आहेत. म्हणे, ट्रॅक्टर रोज कोण चालवन? म्हणाली, मले येते, स्वप्निलनं शिकवलं. म्हणे, विहिरीचं पाणी? म्हणाली, विहिरीपाशी तर तुम्ही सगळ्यात जास्त खोदलं बाबा, तुम्हीच सांगा. त्यायनं विहिरीपाशीचं ढेकूळ उचललं अन् पुन्हा खाली ठेवलं. विहिरीपाशी ओल चांगली होती, मले त्या ढेकळावरून दिसून राह्यलं होतं.

मंग ते उठले, गिरमिट मांडीवर घेऊन बसले अन् दुपट्ट्यानं पातं पुसाले लागले. पातं केव्हाच स्वच्छ झालतं, तरी पुसून राह्यले. मी इतके दिवस यायच्यावर धुसफुसली होती. पण त्या वाकलेल्या मानेकडे पाहून माहा राग गळून गेला, अन् डोळे भरून आले. आचल ढेकूळ हातात घेऊन तशीच बसून राह्यली. ते पात्याकडेच पाहत बोलले.

"पोरगा चांगला निघाला. माणसं चांगली निघाली. मले वाटलं, जमीन तरी खराब निघन."

त्यायनं पात्यावरून पुन्हा दुपट्टा फिरवला.

"अन् निघाली खराब. तरी तू चाललीच. आता मी काय खोदू?"